साठीनंतरचा भविष्यकाळ

समजा, कुंडलमध्ये एक तात्या राहतात. वय 67. पंपांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर म्हणून नोकरी केली, आता घरची दीड एकर ऊसशेती पाहतात. मुलगा इंजिनिअर, गाड्यांच्या कंपनीत नोकरीसाठी मेक्सिकोला गेला आणि तिथलाच झाला. सून मेक्सिकोची. नात सहा वर्षांची. दर रविवारी रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल लागतो, तेव्हा तिकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात. नात पडद्याजवळ येऊन भराभरा काहीतरी विचारते. तात्या हसतात, मान हलवतात. ती पुन्हा विचारते. मग फोन मुलाच्या हातात जातो आणि ‘जेवलात का, पाऊस आहे का’ सुरू होतं.

अशी घरं आता सांगली-साताऱ्याच्या गावागावांत आहेत. कुणाची नात जर्मन बोलते, कुणाचा नातू जपानी. बहुतेक आजी-आजोबा हसण्यावर आणि मान हलवण्यावर भागवून नेतात. आपल्या या तात्यांनी मात्र वही घातली आणि स्पॅनिश शिकायला सुरुवात केली.

पहिले दोन महिने बरे गेले. ‘ओला’ म्हणजे नमस्कार, ‘आग्वा’ म्हणजे पाणी, ‘आबुएलो’ म्हणजे आजोबा. वर्तमानकाळही कसाबसा जमला. गाडी अडली ती भविष्यकाळावर. ‘करणे’ या अर्थाचं क्रियापद आहे ‘आसेर’. स्पॅनिशमधल्या अगदी रोजच्या वापरातल्या क्रियापदांपैकी हे एक. मी करीन, तू करशील, तो करील, एवढंच पाठ करायचं होतं. रात्री वीस वेळा लिहून काढलं की तोंडपाठ. सकाळी चहाच्या वेळी आठवायला जावं तर डोकं कोरं. असं आठ दिवस झालं आणि तात्यांनी वही मिटली. ती मिटली आळसाने नव्हे. त्यांच्या वडिलांना शेवटच्या काळात घरची माणसं ओळखू येत नव्हती. ‘तेच सुरू झालं बघ,’ असं ते एका रात्री पत्नीला म्हणाले, आणि पुढच्या सोमवारी दोघं सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रांगेत उभी राहिली.

विसरणं आणि विसराळूपणाचा आजार

स्मृतिभ्रंशाच्या भीतीने येणाऱ्या माणसाला डॉक्टर आधी जे प्रश्न विचारतात, त्यांत परक्या भाषेचा प्रश्न नसतो. एसटी स्टँडवरून घरी येताना रस्ता चुकलात का? पेन्शनचा हिशेब, खताच्या पोत्यांचा हिशेब पूर्वीसारखा जमतो का? तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारता का? चहा करताना आधी काय आणि नंतर काय, यात गोंधळ होतो का? आणि यातलं प्रत्येक उत्तर घरच्या माणसाकडून पुन्हा तपासून घेतलं जातं. एक ढोबळ खूण सांगायची तर, ‘मला काही आठवत नाही’ अशी तक्रार घेऊन जो माणूस स्वतः येतो, त्याच्यात आजार निघण्याची शक्यता कमी असते. ज्याला घरच्यांनी आणलेलं असतं आणि जो ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो, त्याची काळजी अधिक करावी लागते. अर्थात ही नुसती खूण आहे, निदान नव्हे. तपासणी दोघांचीही करायची असते.

कारण स्मरणशक्ती मंदावण्याची कित्येक कारणं दुरुस्त होणारी असतात. व्हिटॅमिन बी-12 ची कमतरता हे आपल्याकडचं नेहमीचं कारण. शाकाहारी माणसांत ती जास्त दिसते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही. थायरॉइड ग्रंथीचं काम मंदावलं तर विचारही मंदावतो. नैराश्याला म्हातारपणी अनेकदा विसराळूपणाचा मुखवटा असतो. झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीच्या काही गोळ्या, दारू यांनी नव्या आठवणी नीट साठत नाहीत. आणि एक कारण असं, जे कुणाच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे कान.

तात्यांचं रक्त तपासलं, बी-12 कमी निघालं. आठ वर्षं मेटफॉर्मिन चालू होतंच. कानाच्या तपासणीत वरच्या पट्टीचे आवाज ऐकण्याची क्षमता घटलेली दिसली. पस्तीस वर्षं यंत्रांच्या आवाजात काढलेल्या माणसात हे नवल नव्हे. स्मरणशक्तीच्या चाचणीत मात्र ते वयाच्या मानाने उत्तम होते. घड्याळाचं चित्र काढून काटे अचूक लावले, पाच शब्द सांगितले तर पाच मिनिटांनी चार आठवले. म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हता. बी-12 ची इंजेक्शनं सुरू झाली, श्रवणयंत्राचा सल्ला मिळाला. आणि उरलेला दोष होता अभ्यासाच्या पद्धतीत.

‘स’ हरवला की ‘तू’ हरवतो

आसेर या क्रियापदाचा भविष्यकाळ असा चालतो: मी करीन – आरे, तू करशील – आरास, तो किंवा ती करील – आरा, आम्ही करू – आरेमोस, तुम्ही कराल आणि ते करतील या दोन्हींसाठी – आरान. (स्पेनमध्ये ‘तुम्ही’साठी ‘आरेइस’ असं आणखी एक रूप आहे. मेक्सिकोत ते वापरत नाहीत, तेवढं ओझं कमी.) शेवटचं रूप सोडलं, तरी बाकी सगळ्यांत जोर ‘रे’ किंवा ‘रा’वर येतो, आणि ‘आरान’मध्येही तो ‘रा’वरच.

आता ‘आरास’ आणि ‘आरा’ नीट ऐका. फरक फक्त शेवटच्या ‘स’चा. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या आवाजांत वरच्या पट्टीची कंपनं जास्त असतात, आणि वयोमानाने किंवा गोंगाटाने बिघडलेला कान नेमकी तीच आधी गमावतो. अशा कानाला ‘तू करशील’ आणि ‘तो करील’ एकच वाटतात. गंमत म्हणजे मराठीतही ‘करशील’ आणि ‘करील’ यांत फरक ‘श’चाच आहे. पण मराठीत ‘तू’ किंवा ‘तो’ कानावर पडतं, बोलण्याचा ओघ ओळखीचा असतो, म्हणून मेंदू गाळलेली जागा आपोआप भरतो. परक्या भाषेत भरायला त्याच्याकडे काही नसतं. जे कानात शिरलंच नाही ते स्मरणात राहणार कुठून? दोष स्मृतीला लागतो, चूक कानाची असते.

यासाठीच ऐकू येण्याच्या तक्रारीला ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 साली स्मृतिभ्रंशाचे 14 टाळता येण्याजोगे धोके नोंदवले. ते सगळे दूर झाले तर सुमारे 45 टक्के रुग्णांचा आजार टाळता किंवा पुढे ढकलता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा यांच्याबरोबर बहिरेपणाही आहे.

वीस वेळा लिहून काय होतं?

जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 साली स्मरणशक्तीवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. प्रयोगाला माणूस एकच, ते स्वतः. निरर्थक अक्षरांच्या याद्या ते पाठ करत आणि ठरावीक वेळाने पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजत. जेवढा वेळ वाचला तेवढं आत शिल्लक आहे, असा त्यांचा हिशेब होता. निष्कर्ष असा निघाला की विसरणं सुरुवातीला अत्यंत वेगाने होतं. तासाभरात निम्म्याहून अधिक जातं, एका दिवसात सुमारे दोन तृतीयांश. पुढे मात्र गळती मंदावते. म्हणजे रात्रीचं सकाळी न आठवणं हा आजार नाही. तरुण, तल्लख, निरोगी प्राध्यापकाचंही तेच होत होतं.

मग करायचं काय? एकाच रात्री वीस वेळा लिहिण्यापेक्षा तेच पाच-सहा दिवसांत विभागून थोडं थोडं करायचं. आज, उद्या, चार दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने. प्रत्येक वेळी थोडं विसरायला लागलेलं असताना पुन्हा आठवलं, की गळती आणखी मंदावते. ऊस उत्पादकाला हे वेगळं सांगायला नको. महिन्याचं पाणी एका दिवशी सोडलं तर ते ओढ्याला जातं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लिहून काढताना, वाचताना उत्तर समोर असतं. मेंदूला ते आतून शोधून काढावं लागत नाही. अमेरिकेतल्या कार्पिकी आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतल्या 40 शब्दांचे अर्थ शिकवले. एकदा शब्द आला, की काहींनी तो पुढेही पुन्हा पुन्हा फक्त वाचला, आणि काहींनी तो पुन्हा पुन्हा न बघता आठवून सांगितला. आठवड्यानंतर आठवून सांगणाऱ्यांना सुमारे 80 टक्के शब्द येत होते. वाचणाऱ्यांना एक तृतीयांशाच्या आसपास. आणि प्रयोग संपताना दोन्ही गटांना आपल्याला सारखंच आठवेल असं वाटत होतं! वाचताना ‘येतंय, येतंय’ असं जे वाटतं, तो भ्रम असतो. वही मिटून आठवताना जी ओढाताण होते, तीच खरी मेहनत.

तिसरी गोष्ट झोप. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात 1924 साली जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर साधा प्रयोग केला. पाठ केल्यावर झोपलं तर जास्त आठवतं की जागं राहिलं तर? झोपल्यावर जास्त आठवलं. पुढच्या शंभर वर्षांच्या संशोधनाने हे पक्कं केलं आहे. झोपेत मेंदू दिवसभरातल्या ताज्या आठवणी पुन्हा चाळतो आणि पक्क्या करतो. रात्री बारापर्यंत मोबाइलवर शब्द घोकून पहाटे पाचला पाणी धरायला उठणाऱ्याने आधी ही झोप भरून काढावी.

तालमीतला डाव आणि वहीतला डाव

कुंडल हे प्रतिसरकारचं गाव, तसंच कुस्तीचंही. इथल्या मैदानाला लांबून पैलवान येतात. त्यामुळे मेंदूत दोन प्रकारची स्मृती असते, हे कुंडलकरांना समजवायला सोपं आहे. ‘ढाक कसा मारतात?’ असं विचारलं तर गावातला कुणीही जाणकार प्रेक्षक तोंडाने सांगेल. पण आखाड्यात संधी दिसल्याबरोबर तो लागणं वेगळं. ते हजारो वेळा केल्यावरच अंगात मुरतं, आणि मुरलं की पैलवानाला ते शब्दांत सांगताही येत नाही.

पहिली स्मृती सांगण्याची, दुसरी करण्याची. पहिलीचा आधार कानशिलाच्या आत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग. दुसरीत बेसल गँग्लिया या मेंदूच्या गाभ्यातल्या पेशीसमूहांचा वाटा मोठा. या दोन्ही खरोखरच वेगळ्या आहेत, हे कळलं एका दुर्दैवी रुग्णामुळे. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्यावर 1953 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, फेफऱ्यावर इलाज म्हणून शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर त्यांना नवं काहीच लक्षात राहीना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले तरी नव्याने ओळख. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाईंनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. पहिल्या दिवशी खूप चुका झाल्या, तिसऱ्या दिवशी हात सफाईने चालू लागला. पण आपण हे आधी कधी केलं आहे, हे त्यांना तिन्ही दिवस आठवत नव्हतं. सांगण्याची स्मृती गेली, करण्याची शाबूत राहिली.

भाषेतही हे दोन भाग असावेत, असं मायकेल उलमन यांच्यासारखे शास्त्रज्ञ मांडतात. शब्द आणि अपवाद पहिल्या स्मृतीत साठतात. नियम सरावाने दुसरीत उतरतात. लहान मुलं नियम किती लवकर पकडतात हे घरोघरी दिसतं. ‘बस’चं ‘बसलं’ होतं, मग ‘कर’चं ‘करलं’ का नाही? असं म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या पोराला कुणी ‘करलं’ शिकवलेलं नसतं. त्याला नियम सापडलेला असतो, अपवाद अजून मिळालेला नसतो. मेक्सिकोतली मुलंही ‘मला माहीत आहे’साठी ‘से’ऐवजी ‘साबो’ असं नियमात बसणारं चुकीचं रूप करतात. बोबड्या बोलाची ही चूक जगभर एकाच जातीची आहे.

अपवाद रोजच्याच शब्दांत का?

तात्यांचा खरा राग होता तो इथे. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. त्याच्यापुढे शेवट जोडले की झालं: आब्लारे, आब्लारास, आब्लारा. मग ‘आसेर’चं ‘आसेरे’ का नाही? मधला ‘से’ गेला कुठे?

उत्तर वापरात आहे. जे क्रियापद दिवसातून शंभरदा तोंडी येतं, ते घासून गुळगुळीत होतं, पायरीच्या दगडासारखं. आणि सतत कानावर पडत असल्याने त्याचं वेडंवाकडं रूपही पिढ्यान्पिढ्या लक्षात राहतं. क्वचित वापरात येणाऱ्या शब्दाचा अपवाद मुलं विसरतात आणि त्याला नियमात बसवतात. इंग्रजी क्रियापदांच्या बाबतीत हे 2007 साली आकड्यांनिशी दाखवलं गेलं. शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट वेगाने नियमात येतं. म्हणून मराठीतही अपवाद ‘केलं’, ‘गेला’ अशा रोजच्या क्रियापदांत.

स्पॅनिश भविष्यकाळात असे अपवाद मुळात फक्त बारा आहेत. पाचांत मधला स्वर गळतो. पाचांत ‘द’ घुसतो: ‘बेनिर’ म्हणजे येणे, त्याचं ‘बेंद्रे’. ‘न’ आणि ‘र’ जवळ आले की जिभेला मध्ये ‘द’चा आधार घ्यावा लागतो, ‘वानर’चं हिंदीत ‘बंदर’ झालं ते याच कारणाने. उरलेली दोन आखडून लहान होतात: आसेरचं ‘आरे’ आणि ‘सांगणे’ या अर्थाच्या ‘देसिर’चं ‘दिरे’. या बाराही क्रियापदांत फक्त सुरुवात बदलते. शेवट कधीच बदलत नाहीत. म्हणजे पाच शेवट तालमीतल्या बैठकांसारखे अंगात मुरवायचे आणि बारा सुरुवाती पाठ करायच्या. कामाची अशी वाटणी झाली की डोंगर उतरतो.

मराठी माणसाला असलेला फायदा

इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा मराठी माणसाला हा भविष्यकाळ सोपा जावा. इंग्रजीत भविष्यकाळासाठी वेगळा शब्द पुढे लावतात, क्रियापद तसंच राहतं. मराठीत मात्र ‘करीन, करशील, करील, करू, कराल, करतील’ असं शेवटावरून माणूस कळतो. स्पॅनिशचंही तसंच. ‘मी’ न म्हणताही ‘येईन’ म्हटलं की कोण येणार ते समजतं.

साम्य इथे संपत नाही. स्पॅनिश भविष्यकाळ जुन्या लॅटिनमधल्या ‘मला गायचं आहे’ अशा धर्तीच्या रचनेतून आला. दोन शब्द जवळ येत येत एक झाले. आपण ‘तीन वाजले असतील’, ‘तो घरी असेल’ असा अंदाज भविष्यकाळाच्या रूपानेच करतो. स्पॅनिश बोलणाराही तेच करतो. आपल्याकडे ‘करीन’ आणि ‘करणार आहे’ अशी जोडी आहे, त्यांच्याकडेही दोन रचना आहेत. नकारात तर त्यांचं सोपं आहे. आपल्याला ‘करीन’ सोडून ‘करणार नाही’ असं रूपच बदलावं लागतं. ते ‘आरे’च्या आधी ‘नो’ लावून मोकळे होतात.

ओळखीच्या आवाजाला नवा अर्थ टांगणं ही स्मरणाची जुनी युक्ती आहे, आणि प्रयोगांतही ती उपयोगी ठरली आहे. ‘आरास’ म्हणजे तू करशील: गणपतीची आरास यंदा तू करशील. ‘बेंद्रे’ हे तर आपल्याकडचं आडनाव. आणि ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजांकडून गोव्यामार्गे आपल्याकडे आला. स्पॅनिशमध्येही ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. त्याचं भविष्यकाळी रूप ‘पागारे’, मी पैसे देईन. स्पॅनिशमध्ये वचनचिठ्ठीलाच ‘पागारे’ म्हणतात. आपल्या नोटेवरही गव्हर्नर धारकाला रक्कम देण्याचं वचन देतातच की.

भाषा शिकल्याने स्मृतिभ्रंश टळतो का?

हा प्रश्न तात्यांच्या पत्नीने विचारला, आणि त्याचं उत्तर जपून द्यायला हवं. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली आढळली. विशेष म्हणजे शाळेची पायरी न चढलेल्यांतही हा फरक होता. म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम म्हणता येत नाही.

पण हे लोक बहुधा आयुष्यभर दोन भाषा बोलत आलेले होते. साठीनंतर नवी भाषा शिकल्याने तेवढाच फायदा होतो, असं यावरून सिद्ध होत नाही. त्या दिशेने झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. म्हणून ‘स्पॅनिश शिका, आजार टाळा’ अशी जाहिरात कुणी केली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. रक्तदाब आटोक्यात ठेवणं, तंबाखू सोडणं, रोज चालणं, ऐकू न आल्यास यंत्र लावणं, माणसांत राहणं यांचा आधार अधिक भक्कम आहे. भाषा शिकणं त्यातल्या शेवटच्या गोष्टीला मदत करतं. तेवढंही थोडं नाही.

वय आड येतं हे काही अंशी खरं आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, साडेसहा लाखांहून अधिक लोकांच्या इंग्रजी व्याकरणावरच्या अभ्यासात, व्याकरण सहजपणे पकडण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकून मग उतरत असल्याचं दिसलं. पण उतरणं म्हणजे संपणं नव्हे. मूळ बोलणाऱ्यासारखी भाषा कदाचित येणार नाही. नातीशी बोलण्यापुरती नक्की येते.

वर्ध्यात 1884 साली जन्मलेले पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक देशोदेशी फिरत 1924 साली मेक्सिकोत पोहोचले, तेव्हा ते चाळिशीत होते. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी शिकवलं, मक्याच्या नव्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या करण्यात पुढाकार घेतला. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि 1967 साली नागपुरात वारले. मक्याच्या शेतात उभं राहून मेक्सिकोच्या शेतकऱ्याला ‘पुढच्या हंगामात काय करशील’ असं विचारायचं, तर भविष्यकाळावाचून त्यांचंही भागलं नसणार.

वही पुन्हा उघडताना

ज्यांना या वयात भाषा शिकायची आहे, त्यांच्यासाठी तात्यांना दिलेला सल्ला इथे थोडक्यात. आधी कान, डोळे, रक्तातली साखर, बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा, आणि मनाने एकही बंद करू नका. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे, पण रोज. एका वेळी एकच क्रियापद घ्या. वही मिटून मोठ्याने म्हणा; आपला आवाज आपल्या कानाला ऐकू द्या. सुटे रूप नको, रोजच्या जगण्यातलं वाक्य करा: मी चहा करीन, तू अभ्यास करशील, आजी भाकरी करील. दुसऱ्या दिवशी न बघता आठवा. चुकलं तर हसा आणि बरोबर उत्तर बघा. झोप मोडू नका. आणि घरातल्या बोलणाऱ्या माणसाला गुरू करा. सहा वर्षांच्या नातीला आजोबांची चूक सुधारण्यात जो आनंद मिळतो, तो कुठल्याही ॲपला देता येणार नाही.

मात्र रस्ता चुकणं, हिशेबात नव्याने गोंधळ होणं, तेच ते पुन्हा विचारणं, ओळखीच्या माणसाचं नाव नव्हे तर ओळखच हरवणं, स्वभाव बदलणं यातलं काही दिसलं, तर भाषेचं निमित्त करून थांबू नका. त्वरित तपासणी करा. लवकर कळलं तर पुष्कळ काही करता येतं.

तात्यांची वही पुन्हा उघडली. तीन महिन्यांनी एका रविवारी, कानात यंत्र लावून, ते फोनसमोर बसले. नातीने विचारलं ते या वेळी कळलं: आबुएलो, तू कधी येशील? त्यांनी तयारीने उत्तर दिलं, ‘बेंद्रे!’ मी येईन.

नात खळखळून हसली. मराठीत आपण समोरच्याच्या घरी जायचं असलं तरी ‘येईन’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये बोलणारा जिथे आहे तिथे येण्यालाच ‘येणे’ म्हणतात. दुसऱ्याच्या गावी निघालेला माणूस ‘जाईन’ म्हणतो. तिने एकेक अक्षर तोडून शिकवलं: ‘इ-रे’. तात्यांनी तिच्यामागून म्हटलं, ‘इरे.’ दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी वही न उघडता तो शब्द आठवून पाहिला. आठवला. मग त्यांनी पत्नीला पासपोर्टच्या अर्जाला कोणती कागदपत्रं लागतात ते विचारलं.